सॉस पिकांत: शिकारीच्या मांसाचा उग्र वास जात नाही, कोणता मसाला वाढवू?

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने त्यांना शिकारीचं मांस भेट दिलं: हरणाच्या मागच्या मांडीचे तुकडे, दोन रानबदकं, दोन खारी. सगळं गोठवलेलं. त्यातल्या निम्म्या हरणाच्या मांसाचा त्यांनी लुइझियानाच्या पद्धतीने सॉस पिकांत, म्हणजे टोमॅटो आणि रू घातलेला झणझणीत रस्सा, केला. बाटलीतला तयार रू (तेलात भाजलेला मैदा) तेलात परतला, त्यावर टोमॅटो, दोन मोठे चमचे तयार केजन मसाला, मग मांस, आणि प्रेशर कुकरच्या सहा शिट्ट्या. मांस दोऱ्यादोऱ्याने सुटलं पण तोंडात कोरडं, रस्सा कडू आणि खारट, आणि उग्र वास तसाच. ते विचारतात, वास मारायला अजून कोणता मसाला घालू, आलं-लसूण-दही लावून ठेवू का, कुकर चालतो का, आणि मुळात हे खाणं सुरक्षित आहे का.

मी लुइझियानातल्या लाफायेटला राहते, केटरिंग करते. शिकारीचं मांस अमेरिकेत विकता येत नाही, त्यामुळे धंद्यात ते माझ्या हाताखाली येत नाही. पण हंगामात शेजारीपाजारी जे आणून देतात ते घरच्या पातेल्यात आणि त्यांच्या शिकारी कॅम्पवर भरपूर शिजवलं आहे. त्या जोरावर लिहिते.

पहिली गोष्ट, मसाला वाढवून काही होणार नाही. आपल्याकडे मटणाला वास आला की आलं-लसूण दुप्पट आणि वर गरम मसाला, हा हिशोब हाताला बसलेला असतो. हरणाच्या बाबतीत तो चुकतो, कारण हा वास बहुतेक वेळा चरबीत, पडद्यांत आणि नीट न काढलेल्या गाठींत असतो, आणि ही तिन्ही पातेल्यात गेली की वरून काय घालता याला फारसा अर्थ उरत नाही. तुमचं खरं काम सुरीचं होतं. ते झालं नाही, आणि मग कुकर आणि रू यांनी उरलेलं बिघडवलं.

तर आधी सुरी. मांस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवून सावकाश सुटू द्या, ओट्यावर नाही. पिशवीतलं लाल पाणी ओतून द्या, तुकडे धुवा, कागदाने कोरडे करा आणि उजेडात नीट बघा. हरणाच्या मांसावरची पांढरी चरबी बोकडाच्या चरबीसारखी वागत नाही. ती लवकर गोठते, खाताना टाळूला मेण फासल्यासारखी चिकटते आणि जिभेवर वास धरून बसते. तिचा कण न् कण काढायचा. दयामाया नको. त्यानंतर स्नायूवरचा चंदेरी पडदा. सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवायचं, पडदा डाव्या हाताने ताणून धरायचा आणि पातं किंचित वरच्या बाजूला झुकवून पुढे न्यायचं. मांस वाया न जाता पट्टीच्या पट्टी निघून येते. हा पडदा कितीही शिजवला तरी विरघळत नाही. स्नायूंच्या आत जे पांढरट धागे आणि सांध्याजवळचा चिकट भाग असतो तो मात्र राहू द्या. तो मंद आचेवर वितळून रश्श्याला अंग देतो. मागच्या मांडीत दोन मोठ्या स्नायूंच्या मधोमध चरबीत गुंडाळलेली, राखाडी-तपकिरी, घेवड्याच्या दाण्यासारखी एक गाठ सापडते. ती लसिकाग्रंथी. पुष्कळ शिकारी ती काढत नाहीत, आणि घाईत कापलेल्या पाकिटात ती अर्धी चिरलेली मिळते. दिसली की आजूबाजूच्या चरबीसकट फेकून द्या.

काही गोष्टी तुमच्या हातात नसतात हेही सांगते. हरीण कुठे गोळी लागून पडलं, पोट साफ करायला किती वेळ गेला, त्या दिवशी उकाडा किती होता, माजावर आलेला म्हातारा नर होता की वर्षभराची मादी, यावर निम्मा वास ठरलेला असतो. लुइझियानात नि टेक्सासात शिकारीचा हंगाम सुरू होतो तेव्हा थंडी अजून पडलेली नसते. जनावर उन्हात ट्रकच्या हौद्यात तासभर पडून राहिलं तर पुढे कोणीही काही करू शकत नाही. सहकाऱ्याला हे मोकळेपणाने विचारा. चांगल्या शिकाऱ्याला असे प्रश्न आवडतात, आणि पुढच्या वेळी पाकीट चांगलं येतं.

आता भिजवण्याबद्दल. एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम मीठ, त्यात रात्रभर फ्रीजमध्ये, हे मी बदकाच्या छातीला आणि खारीला नेहमी करते. छर्‍याच्या जखमेभोवती साकळलेलं रक्त उतरतं. इथली जुनी माणसं ताकात भिजवतात, तेही छान. दही-आलं-लसूण लावलंत तर बिघडणार काही नाही, पण आल्यामुळे मांसाचा वरचा थर लिबलिबीत होतो, आत चिवटपणा तसाच राहतो, आणि सॉस पिकांतच्या चवीत आलं कुठेच बसत नाही. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवू नका. मांस पांढरं पडतं आणि वासाच्या जोडीला आंबटपणा येतो.

चिवटपणा आणि कोरडेपणा हे दोन वेगळे आजार आहेत, आणि तुम्हाला एकाच वेळी दोन्ही झाले. मागची मांडी मुळात या पदार्थाची नाही. तिच्यात चरबी जवळजवळ नसते आणि वितळणारे धागेही कमी. खांदा, मान, नळी यांत ते भरपूर असतात, म्हणून ते दोन-अडीच तास शिजले की मऊ आणि ओलसर होतात. मांडी तेवढाच वेळ शिजली की तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात आणि उरतो तो तुम्ही खाल्लेला सुतळीचा गुंडा. कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. त्या तापमानात बिनचरबीचं मांस फार झटपट पिळून निघतं, आणि सहा शिट्ट्या म्हणजे नेमकी किती मिनिटं हे तुमच्या कुकरलाही ठाऊक नसतं. दुसरं असं की रू घातलेला दाट रस्सा कुकरच्या बुडाला धरतो. झाकण उघडल्याशिवाय ते कळत नाही, आणि तोवर करपट चव वरपर्यंत चढलेली असते. कुकर वापरायचाच असेल तर मान किंवा म्हातारी खार यांच्यासाठी वापरा: नुसत्या मीठ-पाण्यात, एक शिट्टी आणि मग मंद आचेवर १५ मिनिटं, वाफ आपली आपण उतरू द्यायची, आणि मग मांस व पाणी दोन्ही सॉसच्या पातेल्यात.

पातेल्यात किती वेळ, हे घड्याळापेक्षा जनावर सांगतं. हरणाचा खांदा दोन तासांच्या पुढे. रानससा दीड-दोन तास. कोवळी खार सव्वा तासात होते, म्हातारी तीन तास घेते, आणि कोणती कोवळी ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. मागच्या पायाचं मांस काट्याने ओढल्यावर हाडापासून सहज सरकलं की झालं समजा. (इथली खार आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि चवीला मला सशापेक्षाही उजवी वाटते. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिचा हंगाम उघडतो, त्या दिवशी आमच्या भागात कामाला माणूस मिळणं मुश्कील.) मगरीची शेपटी तासाभरात होते, तिचे पाय जास्त वेळ घेतात.

बदकाचं थोडं वेगळं. बदकाचा वास त्याच्या खाण्यावर असतो. नैऋत्य लुइझियानात क्राउली, गेडान या पट्ट्यात भाताची शेतं मैलोन्‌मैल आहेत, आणि हिवाळ्यात मॅलार्ड, टील, पिनटेल तिथे दाणे खाऊन गुबगुबीत होतात. अशा बदकाची कातडी ठेवावी, तिच्यासारखी चव नाही. उलट बुडी मारून मासे-शिंपले खाणाऱ्या जातींची, किंवा कूट नावाच्या पाणपक्ष्याची, कातडी आणि चरबी पूर्ण सोलून टाकायची, नाहीतर पातेल्याला मासळीबाजार येतो. तुमची बदकं कोणती हे सहकाऱ्याला माहीत असेलच. पाय सुरुवातीपासून शिजवा आणि छातीचे तुकडे शेवटच्या तासात घाला. शिजवण्याआधी मांसावरून बोट फिरवून छर्रे शोधा. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला अमेरिकेत शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादाचे किंवा तसलेच दुसरे वापरतात. विषबाधेची भीती त्यामुळे गेली, दाताची वाढली.

आता रू, कारण तुमचा कडूपणा बहुधा तिथूनच आला. बाटलीतला रू आधीच गडद तपकिरी भाजलेला असतो. तो पुन्हा गरम तेलात परतलात म्हणजे भाजलेलं परत भाजलंत. बाटलीतला वापरायचा तर उकळत्या रश्श्यात चमच्या-चमच्याने विरघळवायचा आणि निदान अर्धा तास उकळू द्यायचा. पण शिकारीच्या मांसाला मी घरीच करते. मैदा आणि तेल सारख्या मापाने, जाड बुडाच्या लोखंडी भांड्यात, मध्यम आचेवर, सपाट लाकडी उलथन्याने कोपरे खरवडत सतत ढवळायचं. बेसनाच्या लाडवाचं पीठ भाजताना वास पालटतो आणि हाताला पीठ हलकं लागतं, तो क्षण ज्याला ओळखता येतो त्याला रू शिकवावा लागत नाही. फरक एवढाच की इथे त्या क्षणानंतरही थांबायचं नाही. शेंगदाण्याच्या बटरचा रंग येतो, मग जुन्या तांब्याच्या पैशाचा, मग दुधाळ चॉकलेटचा. अर्धा-पाऊण तास लागतो. टोमॅटो असलेल्या पदार्थाला मी तांबं आणि चॉकलेट यांच्या मध्ये थांबते. त्याहून काळा रू गम्बो या इथल्या रस्सेदार पदार्थाला शोभतो, टोमॅटोच्या आंबटपणात तो कडवट लागतो. रू जितका गडद, तितकी त्याची रस्सा दाट करायची ताकद कमी, कारण भाजताना पिठातला स्टार्च तुटत जातो. काळे ठिपके दिसले तर सगळा टाकून द्या. साखर घालून तो सुधारत नाही.

रंग आला की त्याच क्षणी बारीक चिरलेला कांदा आत. कांद्याचं पाणी रूची भाजणी थांबवतं आणि कांदा स्वतः गोडसर होतो. पाच-सात मिनिटांनी ढोबळी मिरची आणि सेलरी, मग लसूण. साधारण दोन किलो हाडासकट मांसाला माझं माप असं: तेल आणि मैदा पाऊण-पाऊण कप, मोठे कांदे तीन, ढोबळ्या मिरच्या दोन, सेलरीचे तीन-चार दांडे, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, टोमॅटो पेस्टचा छोटा डबा, टोमॅटोच्या गराचा ४०० ग्रॅमचा डबा, आणि दीड लिटर स्टॉक. मांसाचे तुकडे चार-पाच सेंटीमीटरचे ठेवा, बारीक केलेत तर लवकर सुकतात. मीठ-मिरी लावून, दुसऱ्या भांड्यात थोडे थोडे करून चांगले लाल परता; गर्दी केलीत तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात. टोमॅटो पेस्ट भाज्यांबरोबर परतताना ती विटकरी होऊन कडेने तेल सुटेपर्यंत थांबा. एवढ्या एका पायरीत आपला हात इथल्या पुष्कळांपेक्षा तयार असतो. मग गर, गरम स्टॉक, दोन तमालपत्रं, थोडं थाईम, मांस, आणि आच इतकी मंद की मधूनमधून एखादा बुडबुडा यावा.

वर जे तेल जमेल ते पळीने काढा. तर्री काढून टाकायची म्हणजे आपल्या जिवावर येतं, मला माहीत आहे. पण बदक असेल तर त्या तेलात त्याची चरबी असते आणि उग्रपणा तिथेच तरंगत असतो.

तिखटाबद्दल थोडं. केजन म्हणजे जाळ, ही समजूत बरीचशी १९८० च्या दशकातल्या रेस्टॉरंटांनी पसरवली. पॉल प्रुडोम हे ओपेलुसासकडचे आचारी, न्यू ऑर्लिन्सला त्यांनी १९७९ मध्ये के-पॉल्स उघडलं, आणि त्यांच्या काळ्या भाजलेल्या माशाची देशभर इतकी नक्कल झाली की प्रत्येक डब्यावर केजन लिहिलेलं तिखट विकायला लागलं. घरचा स्वयंपाक तसा नाही. ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातल्या अकेडियातून हाकलून लावलेली ही फ्रेंच बोलणारी केजन माणसं १७६० च्या दशकात इथल्या पाणथळीत येऊन वसली. दलदलीत जे मिळेल ते खाल्लं: कासव, मगर, खार, बेडूक. चिवट मांस, एकच भांडं, भरपूर वेळ, असं हे जेवण आहे. सॉस पिकांत त्यातल्या त्यात झणझणीत, हे खरं. पण तिखटामागून मांसाची चव यायला हवी. मी लाल केयेनचा एक तृतीयांश मांसाला लावते आणि बाकीचं शेवटच्या अर्ध्या तासात, चाखत चाखत. रस्सा आटतो तसं तिखट आणि मीठ दोन्ही वर चढतं, म्हणून सुरुवातीला हात आखडता. तयार केजन मसाल्यात बहुतेक वेळा सर्वांत जास्त असतं ते मीठच. तुमचा खारटपणा त्याचाच. त्यात आंदुई हे धुरावलेलं सॉसेज किंवा टासो हे मसालेदार, धुरावलेलं डुकराचं मांस घातलंत तर मीठ जवळजवळ लागतच नाही. टबॅस्को किंवा तसला व्हिनेगरचा सॉस अगदी शेवटी, आच बंद केल्यावर. एव्हरी बेटावर १८६८ पासून तो होतोय, आणि इथे प्रत्येक जण तो आपापल्या ताटात घेतो, पातेल्यात ओतत नाही. कांदा-लसूण मसाला घालू का, असं पुढे कोणी विचारेलच. घाला, झकास लागेल, फक्त त्याला सॉस पिकांत म्हणू नका.

सुरक्षिततेचं मात्र नीट वाचा. हरणाचं मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस आणि पक्षी ७४ अंशांपर्यंत जायला हवेत. तासन्‌तास उकळणाऱ्या रश्श्यात ते आपोआप होतं. रानडुक्कर मिळालं तर कच्चं हाताळताना हातमोजे घाला, त्यातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्यातल्या ट्रायकिनेला कृमीसाठी फ्रीजरवर विसंबू नका, रानटी जनावरांतल्या काही जाती गोठवूनही जगतात. हरणाच्या बाबतीत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगाची चौकशी करा. टेक्सासात तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला, लुइझियानात २०२२ मध्ये टेन्सास परिशमध्ये (इथे काउंटीला परिश म्हणतात). माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, बाधित जनावर खाऊ नका असंच सांगतं, आणि हा रोग ज्या प्रथिनामुळे होतो ते उकळून मरत नाही. हरीण कोणत्या काउंटीतलं आणि तिथे तपासणी होते का, एवढं विचारून घ्या. हरणाच्या गोळ्या अजून बऱ्याचदा शिशाच्या असतात आणि त्यांचे बारीक कण जखमेपासून लांबवर जातात, तेव्हा घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाकलंय का हेही विचारा. नक्की कळलं नाही तर त्यांना वाढू नका.

एक कायद्याची बारीक गोष्ट. रानबदकं भेट घेताना ती देणाऱ्याच्या किंवा तुमच्या घरी घेतली नाहीत, म्हणजे समजा ऑफिसच्या पार्किंगमध्ये घेतलीत, तर त्यांना शिकाऱ्याच्या सहीची चिठ्ठी लागते: नाव-पत्ता, कोणती किती बदकं, मारल्याची तारीख. हा संघीय नियम आहे. आणि महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी सहकाऱ्याकडून असलं पाकीट घेण्याच्या भानगडीत पडूच नका. १९७२ चा वन्यजीव कायदा कडक आहे. बोकडाची मान-खांदा किंवा म्हातारा गावठी कोंबडा घेऊन हाच रस्सा उत्तम होतो, गावठी कोंबड्याला तर वेळही जवळपास म्हाताऱ्या खारीइतकाच लागतो.

आता तुमच्या फ्रीजरमध्ये जे उरलंय त्याचं. आधी दोन खारी आणि बदकांचे पाय एकत्र करून सॉस पिकांत करा, वरच्या मापाच्या निम्म्यात होईल. खारीची बारीक हाडं रश्श्यात सुटतात, मुलांना वाढताना निवडून वाढा. वर पातीचा कांदा आणि पार्सली, खाली साधा मोकळा भात. बासमती नको, तिचा वास मध्ये येतो. एक रात्र फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्लंत तर अजून मुरतो. बदकांच्या छात्या वेगळ्या ठेवून शेवटच्या तासात घाला. आणि हरणाच्या मांडीचं राहिलेलं पाकीट या पातेल्यापासून लांब ठेवा: साफ करून, तंतूंच्या आडवे पातळ काप काढून, तापलेल्या तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी भराभर परता. पातळ कापांतही आतला लाल रंग जाईपर्यंतच, पुढे एक मिनिटही नाही.